गार होण्याआधी

साबुदाण्याच्या खिचडीवर समोरून उजेड पाडला की ती पिठूळ दिसते, पांढरी आणि मुकी. तीच बशी खिडकीशी नेली आणि उजेड तिच्या मागून येऊ दिला, की एकेक दाणा आतून पेटतो. कडा पारदर्शक होतात, दाण्यांना लगडलेलं शेंगदाण्याचं कूट सोनेरी दिसू लागतं, तुपातल्या जिऱ्याची काळसर रेघ वेगळी उठून येते. साबुदाणा नीट भिजला होता की नाही, हेसुद्धा त्या उजेडात कळतं. कच्च्या राहिलेल्या दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका असतो आणि मागून येणारा उजेड तो लपू देत नाही.

अन्नाचे फोटो काढणं हे माझं काम आहे. दिवाळी अंकांतले पाककृतींचे विभाग, मासिकांची पानं, पाककृतींची पुस्तकं. या कामात उजेडाबद्दल जे शिकावं लागतं, ते बरंचसं फराळाच्या एका ताटात शिकून होतं. चकलीचे काटे बाजूने सरपटत येणाऱ्या उजेडातच टोकदार होतात, कारण प्रत्येक काट्याची बारीकशी सावली शेजारच्या काट्यावर पडते. अनारशाची जाळी तशीच, करंजीची मुरडही तशीच. पापड मात्र खिडकीसमोर उभा धरावा, म्हणजे त्यातले मिऱ्याचे कण दिसतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश सरळ समोरून येतो आणि या सगळ्या सावल्या पुसून टाकतो. म्हणून फ्लॅशमध्ये टिपलेला फराळ कागदी वाटतो. एक खिडकी, तिच्यावर पातळ पांढरं मलमल आणि समोरच्या बाजूला सावली थोडी उजळायला पांढरा पुठ्ठा, एवढ्यावर माझं पुष्कळ काम निभावलं आहे.

उजेड शिकता येतो. वेळ सांभाळणं त्याहून अवघड, आणि मला जे सांगायचं आहे ते वेळेबद्दलच. ताटात काहीतरी चाललेलं दिसतं तेव्हा तोंडाला पाणी सुटतं. तूप वितळत असतं, पुरी अजून फुगलेली असते, रश्श्यावर तर्री पसरत असते. हे चाललेलं थांबलं की पदार्थ तोच राहतो, चवही फारशी बदललेली नसते, पण फोटोतली भूक निघून जाते.

फोटोग्राफीच्या इतिहासात अन्न अगदी सुरुवातीपासून आहे, पण बहुतेक फळांच्या रूपात. विल्यम हेन्री फॉक्स टाल्बट या इंग्रज संशोधकाने १८४४ ते १८४६ या काळात ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे छायाचित्रांचं पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध केलं. त्यातलं शेवटचं चित्र फळांच्या दोन टोपल्यांचं आहे. क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून आलेल्या रॉजर फेंटनने १८६० मध्ये द्राक्षं, पीच, अननस मांडून मोठी देखणी चित्रं केली. त्या काळी काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि भिंगाचं झाकण काही सेकंद उघडं ठेवायचं, अशी रीत होती. द्राक्षांचा घड तेवढा वेळ थांबतो. तव्यावरून उतरलेली पोळी थांबत नाही. शिजलेल्या अन्नाआधी फळांना कॅमेऱ्यापुढे जागा मिळाली यात चित्रकारांच्या जुन्या परंपरेचा वाटा मोठा आहे, पण या थांबण्याचाही असावा असं मला वाटतं. पुढे १९३० मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टनने एक वळशावळशांची ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. ‘पेपर नंबर ३०’ हे ते चित्र. माणसाचं अंग आठवावं इतकी ती मिरची सजीव आहे. त्या चित्राची मी भक्त आहे, पण ते पाहून मला कधी भूक लागलेली नाही. वेस्टनला आकार हवा होता, आणि आकार बराच वेळ टिकतो.

मला सगळ्यांत अवघड वाटतो तो वरण-भात. ताटात याहून साधं काही नसतं आणि कॅमेऱ्यापुढे याहून नाजूकही काही नसतं. आंबेमोहोराचा भात वाटीत दाबून भरला तर शितं चिरडतात आणि मूद गुळगुळीत गोळा होऊन बसते. सैल भरून उपडी केली तर शीत न् शीत सुटं दिसतं, एखादं घरंगळून पानावर येतं, आणि ते तिथेच राहू द्यावं. मग पांढऱ्या रंगाची अडचण. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं यंत्र समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार असं धरून चालतं. चौकटभर भात आला की ते त्यालाही राखाडीकडे ओढतं आणि ताजा भात शिळा दिसतो. म्हणून एक्स्पोजर साधारण एक स्टॉप वाढवावं लागतं. फोनवर फोटो काढत असाल तर भातावर बोट टेकवून शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवलं की तेच होतं. फार वाढवलं तर शितांमधल्या सावल्या जातात आणि मुदीच्या जागी पांढरा डाग उरतो. भात आजूबाजूचा रंगही चटकन घेतो. केळीच्या पानाची हिरवी झाक मुदीच्या खालच्या कडेवर चढते, ती मी तशीच ठेवते, कारण पानावर जेवणाऱ्यालाही ती दिसत असते. माझ्या अंगावरच्या कपड्यांची झाक मात्र नको, म्हणून कामाला जाताना मी काळा नाहीतर राखाडी कुर्ता घालते.

एवढं झालं की घड्याळ सुरू होतं. वरण मुदीच्या माथ्यावरून खाली उतरायला दोन-तीन सेकंद घेतं. वर ठेवलेलं रवाळ तूप आधी कडेने वितळतं, मध्ये पिवळसर खडा तसाच राहतो, त्याच्याभोवती चकचकीत ओल पसरत जाते. खडा अर्धा वितळलेला असतो तो क्षण हवा. मिनिटभरात तूप भातात जिरतं, वरणावर पापुद्रा धरतो, वरची शितं वाळू लागतात. त्यामुळे सगळी तयारी आधी करावी लागते. आम्ही त्याच मापाचं एक डमी ताट मांडतो. त्यात कालचा भात चालतो. त्याच्यावर कोन ठरवायचा, उजेड ठरवायचा, फोकस लावायचा, लिंबाची फोड कुठे ते ठरवायचं, आणि मग स्वयंपाकघरात हाक मारायची. खरं ताट आलं की ते डमीच्या जागी ठेवायचं आणि काही क्षणांत काम संपवायचं. अन्नाने आपली वाट पाहायची नाही, आपण अन्नाची पाहायची, एवढा एकच नियम मी मदतीला येणाऱ्या मुलांना सांगते. त्यात एक फायदा आणखी असतो. काम संपतं तेव्हा ताट खाण्याजोगं गरम असतं आणि कोणीतरी ते जेवतं.

कोशिंबिरीला मीठ शेवटी लावायचं, कारण मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि पाच मिनिटांत दही पातळ होतं. कांदेपोह्यांवर कोथिंबीर आधी टाकली तर ती वाफेने माना टाकते. पुरी सगळ्यांत शेवटी. ही सगळी घराघरांतली शहाणपणं आहेत, फोटोग्राफीला ती आयती मिळाली आहेत. वाफेचं तंत्र मात्र वेगळं शिकावं लागलं. आपल्याला दिसते ती वाफ म्हणजे हवेत गार होऊन तयार झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब. हवा जितकी थंड तितके ते अधिक दिसतात. डिसेंबरात पुण्यात सकाळी टिपलेल्या आमटीवर वाफेची जी वेल चढते ती मे महिन्यात मुंबईत मागूनही मिळत नाही. आणि ती दिसायला मागची बाजू काळोखी लागते, उजेड वाफेच्या मागून लागतो. पांढऱ्या भिंतीसमोर उकळतं पातेलं ठेवलं तरी फोटोत ते गारच.

हा वेळेचा प्रश्न जाहिरातींच्या धंद्याने वेगळ्या रीतीने सोडवला. वेळ लागूच होणार नाही अशा वस्तू अन्नाच्या जागी आल्या. आईस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा, दुधाऐवजी पांढरा डिंक, पाकाऐवजी मोटारीचं तेल, वाफेऐवजी भांड्यामागे लपवलेला गरम पाण्यात बुडवलेला कापूस. अमेरिकेत कॅम्पबेल सूपच्या जाहिरातींमध्ये वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्या बुडणार नाहीत आणि सूप भरगच्च दिसेल. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कारवाई केली, १९७० च्या सुमारास. ग्राहकाची फसवणूक हा त्यातला कायद्याचा भाग झाला. मला त्याहून जास्त लागतं ते असं, की त्या वाडग्यात खाण्यासारखं काही उरलेलंच नसतं. गोट्या घातलेलं सूप फोटोनंतर ओतून द्यायचं. ज्या खोलीत अन्न ओतून दिलं जातं तिथे काम करणाऱ्यांचे हात अन्नाला वेगळ्या रीतीने लागतात, निष्काळजीपणे लागतात, आणि तो निष्काळजीपणा चौकटीत उतरतो असा माझा ठाम विश्वास आहे.

शेवग्याच्या शेंगांची आमटी टिपतानाही भाज्या बुडण्याचा हाच पेच येतो. शेंगा तळाशी जातात आणि वर नुसता पिवळा डोह राहतो. त्यावर खरा उपाय आहे. खोल वाडगा सोडून पसरट, उथळ भांडं घ्यावं, शेंगा आधी मांडाव्यात, आमटी नंतर त्यांच्या कडेने ओतावी आणि शेवटी वरून फोडणी द्यावी. तेलाचे थेंब तरंगतात, मोहरी त्यांच्यात अडकते, कढीपत्त्याचं पान अजून चुरचुरत असतं. तेच दोन-तीन सेकंद आपले.

आपलं बरंचसं जेवण तपकिरी आहे. मटकीची उसळ, भरली वांगी, कटाची आमटी, काळ्या मसाल्याचं मटण, पुरणपोळी. हे फोटोत चांगलं येत नाही असं म्हणून त्यावर कोथिंबिरीचा भारा टाकायची पद्धत पडली आहे, आणि तिचा मला खरोखर राग येतो. हा तपकिरी रंग कोणीतरी कमावलेला असतो. कांदा आणि सुकं खोबरं मंद आचेवर तासभर भाजून, जळण्याच्या एक पायरी आधी थांबून तो येतो. त्याच्यावर हिरवा पडदा टाकणं म्हणजे तो तास झाकणं. या रंगाला उजेड मागून हवा, थोडा वरून उतरणारा. मग रश्श्यावरची तर्री आरशागत चमकते, तिच्यात लाल, शेंदरी, जवळजवळ काळा असे रंग सुटे होतात, आणि वांग्याच्या देठाशी साचलेला मसाला मसाला म्हणून दिसतो. घरातले पिवळे दिवे आधी बंद करावेत. बल्बचा उजेड आणि खिडकीचा उजेड यांचे रंग वेगळे असतात आणि कॅमेरा एका वेळी एकालाच पांढरं मानू शकतो. दोन्ही चालू ठेवले तर ताटाची एक बाजू निळसर येते, दुसरी हळद सांडल्यागत.

तरी मिश्र उजेडानेच मिळालेला एक फोटो मला सर्वांत जवळचा आहे. मंगळवेढ्याच्या बाजूला, ज्वारीच्या मुलखात, एका घरी चुलीवरच्या भाकरीचे फोटो काढायला गेले होते. दारातून दिवसाचा उजेड येत होता, चुलीतून जाळाचा. उजेडाचा रंग मोजायच्या केल्व्हिनच्या मापात जाळ दोन हजारांच्या आसपास, दारातला उजेड साडेपाच हजारांच्याही वर. मी रंग दारातल्या उजेडाशी जुळवला आणि जाळाला हवा तेवढा शेंदरी होऊ दिला. भाकरी थापणाऱ्या मावशींनी पीठ गरम पाण्यात मळलं, परातीत थापत थापत परातीच्या कडेपर्यंत नेलं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. उलटली. मग तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांच्या तोंडाशी उभी केली. आधी एका कडेला बुडबुडा आला, मग सगळी भाकरी टम्म झाली, आणि तिच्या पापुद्र्यावर एका बाजूला जाळाचा तांबडा रंग आणि दुसऱ्या बाजूला दाराचा निळसर पांढरा रंग असा मधोमध सांधा दिसला. मावशींचा हात चौकटीत होता, बोटांना पीठ लागलेलं. मी आणखी एक कोन पाहत होते, तेवढ्यात त्यांनी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

“फोटू मागनं काढा की ताई. गार झाली की वातड हुती.”

भाकरीवर लोण्याचा गोळा, कडेला ठेचा. मी कॅमेरा ठेवला आणि जेवले. त्या फोटोत हात आहे म्हणून तो मला आवडतो. भाकरी कोणाकडून येते आहे ते त्यात कळतं.

ताट टिपताना मी एका गोष्टीवर अडून बसते. फोटो जेवणाऱ्याच्या जागेवरून काढावा. मीठ ताटाच्या वरच्या टोकाला, म्हणजे जेवणाऱ्यापासून लांब. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, जे थोडं थोडं घ्यायचं ते. उजवीकडे भाज्या, आमटी, ज्या पुन्हा पुन्हा वाढल्या जातात. मध्ये भात. ही मांडणी जेवणाऱ्या हातासाठी झालेली आहे. पानाला बसलेल्या माणसाची नजर ताटावर जिथून पडते तिथून पाहिलं तर ती आपोआप सुंदर दिसते. समोरच्या बाजूने किंवा आडवं पाहिलं तर मीठ पायथ्याशी येतं आणि मराठी डोळ्याला ताट उलटं वाटतं. स्टीलच्या ताटात खिडकी, छत, कॅमेरा, सगळं उमटतं. काचेवरची चमक कमी करणारा पोलरायझर धातूच्या चमकेवर चालत नाही. तिथे ताटाच्या वर पांढरा पंचा ताणून धरायचा, म्हणजे स्टीलमध्ये तोच दिसतो आणि ताट चांदीसारखं शांत होतं. फोनने फार जवळून काढलं तर गोल ताट कडेला लांबट होतं; दोन पावलं मागे जाऊन झूम करावं.

जेवणाऱ्याची जागा मला एका जुन्या चित्रातही दिसते. हार्लेमचा चित्रकार विलेम क्लास हेडा याचं १६३१ चं एक चित्र ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. न्याहारीचं टेबल, त्यावर ब्लॅकबेरीचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली पारी. तो पाय अखंड नाही. कोणीतरी तो फोडलेला आहे, आतलं काळंजांभळं सारण दिसतं. जेवणारा नुकताच उठून गेला असावा आणि परत येणार असावा. छापील पानावर पाहूनही मला त्या पायची चव जिभेवर येते. पुरणपोळी मी मोडून टिपते ती त्या चित्रावरून. अखंड पोळी म्हणजे तपकिरी वर्तुळ. मोडली की पुरणाची जाडी, कडेपर्यंत ते नेलं आहे की नाही, पारीचा पातळपणा, सगळं उघड होतं, आणि तूप त्या मोडीतून आत उतरतं.

उकडीच्या मोदकावरून मात्र एका संपादकबाईंशी माझा मोठा वाद झाला होता. मला मोडलेला मोदक हवा होता, आत गूळ-खोबऱ्याचं सारण आणि वरून ओघळणारं तूप. त्यांचं म्हणणं, गणपतीच्या पानावर मोडलेला मोदक शोभत नाही. त्यांचं बरोबर होतं. नैवेद्य दाखवून होईपर्यंत मोदकाला कोणी हात लावत नाही, तर कॅमेऱ्याने का लावावा? शेवटी मोठ्या पानावर अखंड मोदक आले, कळ्या वरून खाली उतरत जाणाऱ्या, बाजूच्या उजेडात एकेक मोजता येणाऱ्या. आणि पाककृतीच्या पानावर, नैवेद्यानंतरचा, मोडलेला.

अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या फोटोंपैकी मला सर्वांत आवडू लागले आहेत ते अर्ध्या स्वयंपाकाचे. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक १९७० मध्ये आलं. आमच्या घरात ते शब्दांवर आणि मापांवर विश्वास ठेवून वापरलं गेलं. कांदा लाल होईपर्यंत परतावा असं वाचलं की आई तो परतायची, कारण तिच्या आईच्या कढईतला लाल तिने पाहिलेला होता. माझी भाची डब्लिनला राहते. तिने तो पाहिलेला नाही, आणि तयार पदार्थाचा फोटो तिला या बाबतीत काहीच मदत करत नाही. तिला कढईतला, मधल्या टप्प्यावरचा फोटो हवा असतो. मग मी कढई खिडकीकडे झुकवते, चिमणीचा पिवळा दिवा बंद करते आणि तेल सुटायला लागलेला मसाला, कडा करपू न देता भाजलेलं खोबरं, तार आलेला पाक असं काहीबाही तिला पाठवत राहते. या फोटोंना पार्श्वभूमी नसते, मांडणी नसते, रंग मात्र अगदी खरा लागतो, कारण त्यावर तिचं जेवण अवलंबून असतं. गेल्या रविवारी तिने मटणाच्या वाटणासाठी कांदा भाजताना कढईचा फोटो पाठवला. उजेड छान होता, खिडकीतला, डावीकडून येणारा.

“मावशी, एवढा लाल चालेल?”

“अजून थोडा. गॅस बारीक कर, आणि ढवळत राहा. दोन मिनिटांनी पुन्हा पाठव.”